क्रॉलरचा टायर निवडताना: आधी दगड, मग रबर, मग फोम

"भाऊ, नवे टायर टाकले तरी गाडी घसरतेच," असं म्हणत जी पोरं माझ्याकडे क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी, घेऊन येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा घोळ एकाच जागी झालेला असतो. टायर नक्षी बघून घेतलेला असतो. खोल गाळे, कडेला उभे दात, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखा रुबाब. पण पांझरा नदीतल्या ओल्या गोट्यावर त्या रुबाबाचा उपयोग होत नाही. तिथे रबर किती मऊ आहे, आतला फोम किती दबतो आणि गाडीचं वजन कुठे पडतं, या तीन गोष्टी गाडी वर नेतात.

दुसरी चूक क्रमाची. आधी टायर मागवायचा, मग तो रिमवर बसत नाही म्हणून रिम मागवायची, मग चाक मडगार्डला घासतं म्हणून बॉडी कापायची. पैसे तिप्पट जातात. खाली दिलेला क्रम मोडू नका. एकेक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

लेखातली मापं खऱ्या गाडीच्या एक दशांश, म्हणजे १/१० आकाराच्या क्रॉलरची आहेत. १/२४ च्या छोट्या गाड्यांनाही क्रम हाच, फक्त आकडे लहान.

## तयारी

शिंप्याची टेप किंवा व्हर्नियर, बॅग मोजायचा डिजिटल हुककाटा, १.५ आणि २ मिमीची ॲलन की, चाकाच्या नटाचा पाना, धारदार कात्री, भांडी घासायचा साबण, जुना दात घासायचा ब्रश, पांढरा खडू आणि एक वही. वही लागतेच. कोणत्या फोमवर गाडी कुठपर्यंत चढली हे महिन्याभराने आठवत नाही, आणि मग तीच चूक पुन्हा विकत घेतली जाते.

## टप्पा १: गाडी कोणत्या दगडावर चालते ते लिहून काढा

खानदेशातला खडक बहुतेक सगळा लाव्हाचा, काळा बेसाल्ट. पण चाकाखाली तो वेगवेगळ्या रूपांत येतो, आणि प्रत्येक रूप टायरकडून वेगळं काम मागतं.

नदीतला गोटा. पांझरा, गिरणा, अनेर, कुठल्याही पात्रात उतरा. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, घागरीएवढे, डेऱ्याएवढे गोटे. टायरच्या दाताला अडकायला इथे काहीच नसतं. रबर गोट्यावर पसरलं आणि चिकटून राहिलं तरच गाडी चढते. त्यावर शेवाळ असेल तर चांगल्यातला चांगला टायरही सुटतो, तेव्हा शेवाळलेल्या गोट्यावरून टायरची परीक्षा करू नका.

फुटका घट्ट दगड. लळिंगच्या डोंगराच्या पायथ्याला असतो तसा. धुळे-नंदुरबार पट्ट्यात माळावर भिंत बांधल्यासारख्या ज्या दगडी रांगा उभ्या दिसतात, भूगर्भवाले ज्यांना डाईक म्हणतात, त्यांच्या खाली असे ठोकळे पडलेले असतात. यांच्या कडा धारदार. इथे टायरला कडेवर दुमडता आलं पाहिजे, आणि दुमडताना त्याची बाजू फाटता कामा नये.

मांजऱ्या. विहीर खणणाऱ्यांचा हा शब्द. भोकाभोकांचा, झिजलेला, हात फिरवला तर खरखरीत लागणारा दगड. यावर कुठलाही टायर चढतो. म्हणूनच तो फसवा आहे. मांजऱ्यावर गाडी चढली म्हणून टायर चांगला समजायचं, आणि पुढच्या रविवारी गोट्यावर तोंडघशी पडायचं, असं पुष्कळांचं होतं.

मुरूम. सैल खडे, उतारावर पायाखालून सरकणारे. नक्षीला किंमत आहे ती इथे.

काळी माती या यादीत धरू नका. ओली झाली की ती दाताच्या फटीत बसते आणि दहा-बारा फुटांत चाकाचा लाडू होतो. ओल्या रेगडात चालणारा टायर शोधण्यात पैसे घालवू नका, जमीन वाळेपर्यंत थांबा.

आता वहीत लिहा: दहा वेळा बाहेर गेलात तर किती वेळा गोट्यांवर, किती वेळा फुटक्या दगडावर, किती वेळा मुरमावर? ज्याला सहा-सात खुणा पडतील त्याच्यासाठी टायर घ्यायचा. सगळीकडे सारखाच भारी चालेल असा टायर नसतो.

सावधान: पाल-यावलकडचं सातपुड्यातलं जंगल आणि पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गाडी काढू नका. किल्ल्यांच्या पायऱ्या, तट, कोरीव काम यांवर तर कधीच नको. पावसाळ्यात अक्कलपाड्यातून पाणी सोडलं की पांझरेचं पात्र पाहता पाहता भरतं. धरणातून विसर्ग चालू असताना पात्रात उतरायचं नाही.

## टप्पा २: गाडी मोजा

सगळ्यात महाग पडणारी चूक आकड्यांची. टायरवर १.९ लिहिलेलं असतं. ही टायरची उंची नव्हे, रिमच्या ज्या काठावर टायर बसतो त्याचा इंचातला व्यास आहे, साधारण ४८ मिमी. २.२ म्हणजे साधारण ५६ मिमी, १.५५ म्हणजे ३९ मिमी. ट्रॅक्सास टीआरएक्स-४, ॲक्सिअल एससीएक्स१० यांसारख्या १/१० च्या गाड्यांना सहसा १.९ ची रिम येते. एससीएक्स२४ सारख्या छोट्या गाडीला १.० ची. २.२ चा टायर १.९ च्या रिमवर ओढूनताणून बसत नाही, त्या नादी लागू नका.

टायरची बाहेरची उंची हा वेगळा आकडा. १.९ च्याच रिमवर १०० मिमीचा टायरही बसतो आणि १२० चाही. रुंदी हा तिसरा आकडा. तिन्ही बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

यानंतर गाडीत जागा किती आहे ते मोजायचं. जमिनीवर उभ्या गाडीकडे बघून जागा ठरवणं चुकीचं, कारण दगडावर गाडी कधीच सपाट उभी नसते. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाखाली अर्धी-अर्धी वीट ठेवा. सस्पेन्शन तिरकं पिळलं जाईल. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, आणि चाक सगळ्यात जवळ जिथे येतं (मडगार्डची मागची कड, एक्सलला धरणारा लिंकचा दांडा, बंपरचं टोक) तिथली फट मोजा. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच. विटा उलट्या कोपऱ्यांत ठेवून पुन्हा.

सगळ्यात लहान फट धरा. व्यास १० मिमीने वाढला तर प्रत्येक कडेला ५ मिमी वाढतो. फट ७ मिमी असेल तर १० मिमीने मोठा टायर जेमतेम बसेल, वर २ मिमी मोकळे राहतील. त्याहून कमी मोकळीक ठेवू नका. रबर दगडावर दबलं की बाजूला फुगतं.

मोठा टायर घेतला की गिअरही लांबतो. १०८ वरून १२० वर गेलात तर व्यास ११ टक्क्यांनी वाढला. तेवढ्या प्रमाणात गाडी मोटरच्या दर फेऱ्याला जास्त अंतर कापते आणि चाकाशी जोर सुमारे १० टक्क्यांनी कमी पडतो. पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) १४ दातांचं असेल तर १२ किंवा १३ चं बसवून तो जोर भरून काढावा लागतो. हे न केल्यास मोटर तापते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर असते, म्हणजे मोटर थंड व्हायला आधीच कमी वाव. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात मोठे टायर लावून जुनंच पिनियन ठेवणं म्हणजे मोटर जाळायची तयारी.

तपासणी: वहीत हे आकडे आले का? रिमचा व्यास, सध्याच्या टायरची उंची आणि रुंदी, सगळ्यात लहान फट, पिनियनचे दात, चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्याचं, म्हणजे हेक्सचं माप (१/१० ला सहसा १२ मिमी, छोट्यांना ७ मिमी). एकही राहिला असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: रबर

क्रॉलरच्या टायरची निम्मी किंमत त्याच्या रबरात आहे असं मी मानतो. एकाच साच्यातला, एकाच नक्षीचा टायर दोन वेगवेगळ्या रबरांत मिळतो आणि दगडावर ते दोन वेगळे टायर असतात. प्रत्येक कंपनी आपल्या मिश्रणाला आपलं नाव देते. प्रो-लाइनचं जी८ दगडासाठी मऊ, त्यांचंच प्रेडेटर त्याहून मऊ. नाव ओळखीचं नसेल तर हाताने ओळखायच्या दोन रीती आहेत.

पहिली नखाची. दातावर अंगठ्याचं नख दाबून दोन सेकंद धरा आणि सोडा. खूण उमटली आणि सावकाश भरून आली तर रबर दगडाचं. खूणच उमटली नाही तर ते रस्त्याचं.

दुसरी चिमटीची. फोम न घातलेल्या टायरची बाजू चिमटीत दाबून एकदम सोडा. टणकन उसळून मूळ जागी आला, तर ते रबर दगडावरूनही तसंच उसळेल. आळसावलेल्या माणसासारखा हळूहळू उठला, तर ते रबर दगडाच्या बारीक खाचांत शिरून तिथे थांबेल. ही दुसरी खूण माझ्या अनुभवात नखापेक्षा खरी. काही स्वस्त टायर मऊ लागतात पण उसळतात, आणि गोट्यावर फसवतात.

मऊ म्हणजे अतिमऊच घ्यायचं का? गोट्यांवर चालवणाऱ्याने, होय. फुटक्या दगडावर चालवणाऱ्याने एक पायरी कडक घ्यावं. धारदार कडेवर चाक जागच्या जागी फिरवलं तर अतिमऊ रबराचे दात मुळापासून चिरतात. खडीच्या ढिगावर एका संध्याकाळीत दात उडालेला टायर मी पाहिला आहे.

आपल्या हवेचाही हिशोब धरा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी काळा दगड तव्यासारखा तापतो, हात ठेववत नाही. तेव्हा मध्यम रबरही मऊ होतं आणि मऊ रबर लोण्यासारखं झिजतं. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊपर्यंत गाडी आवरा. उलट जानेवारीत पहाटे नदीकाठी गारठा असतो, तेव्हा तोच टायर लाकडासारखा लागतो. ऊन चढेपर्यंत त्याला दोष देऊ नका.

तपासणी: नवा टायर हातात आला की आधी धुवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, ब्रश, दोनदा. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको, रबर खराब होतं आणि चिरतं. मोटारीच्या टायरला लावतात ते चकाकीचं पॉलिशही नको.

## टप्पा ४: नक्षी आणि रुंदी

रबर आणि माप जुळणारे दोन-तीन टायर समोर आले की मगच नक्षी बघा. हा टप्पा छोटा आहे, आणि तो छोटाच ठेवा.

गोट्यांसाठी जवळजवळ बसवलेले, बारीक चिरा असलेले दात. जितकं रबर दगडाला टेकेल तितकं चांगलं. फुटक्या दगडासाठी मोठे दात, आणि कडेचे दात बाजूच्या भिंतीवर उतरलेले, म्हणजे चाक कडेला घासत वर चढताना धरतं. मुरमासाठी दातांमध्ये मोकळी जागा, खडे अडकून बसायला नको. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा. चारही चाकं बसवून झाल्यावर उलटं बसलेलं एक चाक सापडणं नेहमीचं आहे.

रुंद टायर दिसायला भक्कम, पण चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, म्हणजे सर्व्होवर, भार टाकतो आणि दोन दगडांच्या फटीत अडकतो. गाडी अडीच किलोच्या आत असेल तर अरुंद टायर घ्या. कमी वजन रुंद टायरला दाबूच शकत नाही.

## टप्पा ५: फोम

आता खरी गोष्ट. या टायरांत हवा भरलेली नसते, आत फोमची गोल कडी असते, आणि गाडीचं वजन तीच पेलते. त्यामुळे बाभळीच्या काट्याने किंवा सराट्याने टायर बसत नाही, पण फोम चुकला तर टायर हवा जास्त भरलेल्या सायकलच्या चाकासारखा दगडावरून उडतो.

मागच्या हिवाळ्यात पांझरेत एका मित्राचा भाचा गाडी घेऊन आला होता. टायर महागातले, रबर उत्तम. गुडघाभर उंचीचा, वरून गोल गोटा. त्यावर गाडी पुढची दोन चाकं टेकवायची, फिरवायची आणि घसरून खाली यायची. सात-आठ वेळा. मी वाकून अगदी जवळून बघितलं. चाक गोट्याला टेकलं होतं ते जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. दात दगडावर टोकांवर उभे होते, वाकतच नव्हते. चाक काढून दाबलं तर आतला फोम खुर्चीच्या हातासारखा टणक. माझ्या गाडीतल्या दोन कड्या त्याच्या पुढच्या टायरांत घातल्या, बाकी काहीच बदललं नाही. तोच गोटा, तीच गाडी. या वेळी टायर गोट्यावर पोळीसारखा पसरला, दातांच्या दोन-तीन रांगा एकदम टेकल्या, बाजूची भिंत फुगली, आणि गाडी हळूच वर गेली. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याने टायरांत घातलेले पैसे फुकट गेले नव्हते, फक्त आतलं काम राहिलं होतं.

फोम मुख्यतः दोन जातींचा. उघड्या छिद्रांचा, म्हणजे सोफ्यातल्या स्पंजसारखा: मऊ, दगडावर छान पसरतो, पण पाणी पितो. बंद छिद्रांचा, म्हणजे योगाच्या चटईसारखा: पाणी पीत नाही, आकार धरून ठेवतो, पण कडक. तिसरा प्रकार या दोघांना जोडून होतो: आत रिमला लागून बंद छिद्रांची कडक कडी आणि तिच्यावर बाहेरून उघड्या छिद्रांची मऊ कडी. टायरची बाहेरची बाजू दगडावर पसरते आणि आतली कडी गाडीला तिरक्या उतारावर कलंडू देत नाही. पैसे एकाच जागी घालायचे असतील तर या दुहेरी फोममध्ये घाला.

किती मऊ हवा, हे कसं ठरवायचं: गाडी पूर्ण तयार करा, बॅटरी, बॉडी, वजनं सगळ्यांसह. सपाट फरशीवर ठेवा. जमिनीपासून चाकाच्या मधल्या नटापर्यंतची उंची मोजा. १२० मिमीच्या टायरला भार नसताना ती ६० असते. माझ्या गाडीत भाराखाली पुढे ५४ आणि मागे ५५ भरते, आणि गोट्यांसाठी मला हेच जमलं आहे. ५८-५९ भरत असेल तर फोम कडक आहे. ५० च्या खाली गेली तर टायर रिमवर बसतोय, आणि धारदार दगडावर रिमच रबराला आतून कापेल.

पुढचा फोम मागच्यापेक्षा किंचित मऊ ठेवा. चढावर वजन मागे सरकतं. मागचा फोम पुढच्याइतकाच मऊ असेल तर गाडी मागे बसते आणि पुढचं तोंड उचलून उलटते.

घरी फोम कापायचा असेल तर: गादीवाल्याकडे स्पंजचे तुकडे आणि खेळाच्या दुकानातली योगाची चटई, दोन्ही चालतं. कडीची रुंदी टायरच्या आतल्या रुंदीइतकी ठेवा, जास्त नको. रुंद फोम टायरच्या काठाखाली चिमटला जातो, आणि मग काठ रिमच्या खाचेत नीट बसत नाही. कडीचा बाहेरचा घेर टायरच्या आतल्या घेरापेक्षा नावाला मोठा, म्हणजे टायर भरलेला राहील. कापलेला फोम कडक लागला तर बाहेरच्या कडेला करवतीच्या दातांसारखे त्रिकोणी खाचे पाडा. आधी थोडे पाडा, गाडी ठेवून मोजा, मग आणखी. कापलेला फोम परत जोडता येत नाही.

सावधान, पाणी: नदी ओलांडली की उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो आणि चाक हातात घेतल्यावर जड लागतं. जड चाक सर्व्हो आणि एक्सल दोघांना मारतं. पाण्यात चालवणार असाल तर टायरच्या मधल्या भागात, दोन दातांच्या मधे, समोरासमोर दोन भोकं पाडा. चप्पल दुरुस्तीवाल्याकडे चामड्याचा पंच असतो, ४ मिमीचं भोक स्वच्छ पडतं. चाक फिरताना पाणी तिथून बाहेर फेकलं जातं. रिमला आधीच हवेची भोकं असतील आणि तुम्ही कोरड्यातच चालवत असाल, तर टायरला भोक पाडायची गरज नाही. पण दोन्हीकडे एकही भोक नसेल तर आत हवा कोंडते, टायर फुग्यासारखा वागतो आणि फोमची सगळी मेहनत वाया जाते. हे जरूर तपासा.

## टप्पा ६: टायर रिमवर चढवणं

गोंदाने चिकटवायची रिम आणि बीडलॉक रिम (टायरचा काठ स्क्रूच्या कडीने दाबून धरणारी), यांत क्रॉलरसाठी बीडलॉकच घ्या. फोम बदलून बघायचा म्हणजे टायर चार वेळा काढावा लागणार, आणि चिकटवलेला टायर काढायचा म्हणजे चाक पाण्यात उकळत बसावं लागतं. टायर रिमला कायमचा चिकटवूनच आला असेल तर पहिला खर्च रिमचा करा, टायरचा नंतर.

बसवण्याचा क्रम असा:

१. टायर आतून कोरडा करा. फोमची कडी आत घालून बोटांनी सगळीकडे फिरवा, कुठे घडी राहिली नाही ना बघा.

२. आतल्या बाजूचा काठ रिमच्या खाचेत बसवा, पूर्ण घेरभर अंगठा फिरवून.

३. बाहेरचा काठ बसवा, वर बीडलॉकची कडी ठेवा, सगळे स्क्रू हाताने दोन-तीन फेरे लावा.

४. मग समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा. एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर कडी तिरकी बसते आणि चाक लंगडतं.

५. स्क्रू टेकला की थांबा. माझ्या पहिल्या बीडलॉकचा आटा मी असाच जास्त आवळून घालवला होता, आणि एका स्क्रूसाठी सगळी रिम बदलावी लागली. प्लॅस्टिकच्या रिमला मनगटाचा जोर लावायचाच नाही, दोन बोटांत की धरून आवळा.

तपासणी: चाक हातात धरून टायर जोरात पिळा. काठ कुठूनही बाहेर डोकावला तर स्क्रू सैल करून तो टप्पा पुन्हा करा. चाक गाडीला लावून फिरवून बघा. डगमगत असेल तर दगडावर गेल्यावर ते आणखी डगमगेल. चाकाचा नट लावल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे.

## टप्पा ७: वजन

मऊ टायर आणि मऊ फोम यांना दाबायला वजन लागतं, आणि ते खाली आणि पुढे असलं पाहिजे. चाकांच्या आत बसणाऱ्या पितळी कड्या यासाठीच असतात. पुढच्या दोन चाकांना आधी, मागच्यांना गरज वाटली तरच. एकूण वजनापैकी साठ टक्क्यांच्या आसपास पुढे ठेवलेल्या गाड्या चढावर शांत चढतात.

वजन वाढवलं की फोमची उंची पुन्हा मोजा. हा टप्पा बहुतेक जण विसरतात: फोम जमवलेला असतो हलक्या गाडीसाठी, मग वर पितळ चढतं, फोम पार बसतो, आणि गाडी तिरक्या उतारावर लोळते. दोष पितळाला दिला जातो.

बॉडीवर रॅक, दिवे, छोटे कॅन लावायची हौस मला समजते, पण ते सगळं वजन नको त्या जागी आहे. चाचणी संपेपर्यंत ते काढून ठेवा.

## टप्पा ८: घरची चाचणी, मग नदीतली

आपल्याकडे जुन्या घरांच्या मागच्या अंगणात धुण्याचा काळा दगड असतो. वर्षानुवर्षं कपडे आपटून तो नदीतल्या गोट्याइतकाच गुळगुळीत झालेला. टायर तपासायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

दगड धुऊन पूर्ण वाळू द्या. गाडी त्यावर ठेवा, रिमोट आणि गाडी दोन्ही चालू करा, थ्रॉटलला हात लावू नका. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीचा ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडलं की आपोआप लागणारा ब्रेक, चाकं जाम धरून ठेवतो. मागच्या एक्सलच्या मधोमध दोरी बांधा, एक्सलच्याच उंचीवर, आणि हुककाट्याने मागच्या दिशेला आडवं, सावकाश ओढा. चाकं घसरायच्या क्षणी काट्यावर जो सगळ्यात मोठा आकडा आला तो लिहा. तीनदा ओढा, मधला आकडा धरा. मग गाडीचं वजन करा.

गाडी २.८ किलोची आणि ओढ २.१ किलोची, म्हणजे गुणोत्तर ०.७५. ओढ वजनाइतकी आली तर १, आणि अशी गाडी कागदावर ४५ अंशांच्या तशाच दगडावर उभी राहू शकते. चांगलं मऊ रबर त्याच्याही वर जातं. मग दगड ओला करून पुन्हा ओढा. पांझरेत गेल्यावर जे होणार ते इथेच दिसतं.

ओढताना चाकावर खडूची रेघ मारून ठेवा. रेघ फिरली तर चाक घसरत नाहीये, गडगडतंय. ड्रॅग ब्रेक कमी आहे, तो वाढवून चाचणी पुन्हा घ्या. नाहीतर तो आकडा टायरचा नसून मोटरचा असेल.

यानंतर नदीत. तीन दगड निवडा: एक जिथे गाडी नेहमी चढते, एक जिथे कधीतरी चढते, एक जिथे कधीच चढली नाही. खडूने खुणा करून ठेवा. प्रत्येक दगडावर पाच प्रयत्न, वेग सावकाश, चाक फिरू लागलं की तो प्रयत्न संपला असं धरा. पाचातले किती जमले ते लिहा.

बदल एका वेळी एकच. फोम बदलला तर वजनाला हात नाही, वजन हलवलं तर फोमला नाही. दोन्ही एकदम बदलले आणि गाडी चढली तर कशामुळे चढली हे कळायला पुढचे चार रविवार जातात. मधल्या दगडावर पाचातले चार प्रयत्न दोन वेगवेगळ्या दिवशी जमले की फोम आणि वजन जागेवर आले असं समजा, स्क्रू एकदा पुन्हा बघून घ्या, आणि मग काढून ठेवलेले दिवे आणि रॅक हौसेने परत लावा.

घरी आल्यावर टायर साध्या पाण्याने धुवा, चाकं काढून सावलीत वाळवा. गाडी महिनाभर वापरणार नसाल तर तिला डब्यावर किंवा स्टँडवर अशी ठेवा की चाकं अधांतरी राहतील. वजनाखाली उभी राहिलेली गाडी फोमला एकाच जागी चपटं करते, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ते आठवडाभरातच होतं.